कडुनिंबाचा कडूपणा येतो कोठून?

वाशिंद असो, शहापूर असो की मुरबाड. कोणत्याही गावी घराच्या मागल्या दारी जाऊन उभे राहा. सांडपाण्याच्या कडेला गवती चहाचे बेट असते, कुंपणालगत आंबा असतो, आणि जवळपास कोठेतरी कडुनिंबही असतो. एकाचा वास, दुसऱ्याच्या गराचा केशरी रंग आणि तिसऱ्याचा कडूपणा ह्यांचे एकमेकांशी नाते आहे म्हटले, तर खरे वाटेल का? पण नाते आहे, आणि तेही सख्खे!

ह्या सर्वांची वीट एकच. ती कार्बनच्या पाच अणूंची असते. तिला आयसोप्रीनची वीट म्हणू. तिच्यापासून होणाऱ्या पदार्थांना आयसोप्रिनॉइड म्हणतात. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात चिंचोके मांडून हे दाखवावे. एक चिंचोका म्हणजे एक वीट. दोन विटा जोडल्या की दहा अणू झाले: हा गवती चहाला वास देणारा सिट्रल. तीन जोडल्या की पंधरा: चंदनाच्या तेलातला सुवास. पंधरा-पंधराचे दोन तुकडे जोडले की तीस. त्यांतून काटछाट होऊन कडुनिंबाचे कडू पदार्थ निघतात. आणि आठ विटांचे चाळीस झाले की आंब्या-पपईचा केशरी रंग.

मग ही वीट झाड आणते कोठून? पान उन्हात साखर तयार करते. ती साखर मोडून, तिच्या तुकड्यांची वीट पाडली जाते. वनस्पतीत वीट पाडण्याच्या वाटा दोन. एक पेशीच्या रसात, दुसरी पानाच्या हिरव्या कणांत. कडुनिंब कोणत्या वाटेने जातो, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधले. कडुनिंबाच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांना जड कार्बनची खूण केलेली साखर दिली. खूण केलेली शेळी कळपात ओळखू येते ना? तसेच हे. ती खूण कडू पदार्थांत कोठे उतरली हे पाहून, पहिलीच वाट खरी, असे 2018 साली त्यांनी दाखवून दिले.

ह्या कडू पदार्थांतला मुख्य अझाडिरॅक्टिन. त्याने किडीची भूक मरते, आणि अळीची कात नीट पडत नाही. पण तो बनवणे किती अवघड! केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना तो प्रयोगशाळेत घडवायला 22 वर्षे लागली. 2007 साली यश आले. आपले झाड तेच काम दरसाल मुकाट्याने करते.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा विचार केला. झाडात हे काम विकर नावाचे कारागीर करतात, आणि प्रत्येक कारागिराची कृती जनुकात लिहिलेली असते. ती जनुके यीस्टमध्ये घातली तर? पाव फुगवणारे हे यीस्ट साखर खाते आणि तीच वीट पाडते. पण ती विटा आपल्या कामाला लावते. तेव्हा खाचरात आपण एक पाट बुजवून पाणी हव्या त्या बाजूला वळवतो, तसेच इथे करावे लागते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2006 साली ह्या रीतीने हिवतापावरील आर्टेमिसिनिन ह्या औषधाचा कच्चा माल यीस्टकडून करून घेतला. 2013 पर्यंत तो लिटरमागे 25 ग्रॅमवर गेला.

कडुनिंबाचे काय? 2023 साली तंबाखूच्या जातीच्या एका रोपाच्या पानांत निंबकुळातला अझाडिरोन हा पदार्थ तयार करण्यात आला. मात्र तेथून अझाडिरॅक्टिनपर्यंत अजून पुष्कळ पायऱ्या आहेत.

तोवर आपली निंबोळीच आपला कारखाना! पण ती ओली ढिगात राहिली की बुरशी लागते आणि गुण जातो. म्हणून ती सावलीत वाळवून हवेशीर ठेवा. अर्क ताजा करा आणि फवारणी संध्याकाळी करा, कारण कडक उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर नासतो. झाडाने इतक्या पायऱ्या चढून केलेले काम आपल्या हयगयीने वाया का जावे?