रोमकरांस पत्रातील ‘मी’ : पापाशी झगडा आणि आत्मिक वाढ

पौलाने रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, १४ ते २५ ह्या वचनांत, ‘मी’ म्हणून बोलणारी व्यक्ती एक विलक्षण कबुली देते. तिला सत्कर्माची इच्छा आहे. परंतु हातून घडते ते नेमके उलट. हा ‘मी’ कोण? श्रद्धावान ख्रिस्ती, की नियमशास्त्राच्या ओझ्याखाली असलेला, ख्रिस्तापर्यंत न पोहोचलेला मनुष्य? प्रश्न व्याकरणाचा दिसतो; परंतु श्रद्धावंताने ह्या जीवनात स्वतःविषयी कोणती अपेक्षा बाळगावी, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा आवश्यक आहे. पौलाचा ‘सार्क्स’ हा ग्रीक शब्द मराठीत ‘देह’ असा येतो. त्यामुळे शरीर पापी व आत्मा शुद्ध, असे द्वैत वाचकाच्या मनात उभे राहणे स्वाभाविक आहे. परंतु गलतीकरांस लिहिताना पौल देहाच्या कर्मांत मत्सर व कलह ह्यांचीही गणना करतो. म्हणजे हा झगडा शरीर व मन ह्यांमधील नव्हे. देवापासून विमुख झालेला संपूर्ण मनुष्यस्वभाव आणि देवाचा आत्मा ह्यांमधील आहे.

मूळ संहितेत दोन्ही पक्षांना आधार सापडतो. चौदाव्या वचनापासून क्रियापदे वर्तमानकाळी आहेत आणि ‘मी’ला देवाच्या नियमाविषयी अंतःकरणात आनंद वाटतो; ही श्रद्धावंताची लक्षणे होत. उलटपक्षी, तो पापाला विकलेला आहे, असे म्हटले आहे. सहाव्या अध्यायात तर श्रद्धावंत पापाच्या दास्यातून मुक्त झाल्याचे सांगितले आहे. शिवाय पवित्र आत्म्याच्या कार्याचे वर्णन आठव्या अध्यायातच येते.

ऑगस्टीनने ३९४-९५ च्या सुमारास हा ‘मी’ नियमशास्त्राधीन मनुष्य मानला होता. पुढे पेलाजियसच्या अनुयायांशी झालेल्या वादात तो कृपेखालील मनुष्य होय, असे त्याने प्रतिपादले. ल्यूथरने १५१५-१६ मधील व्याख्यानांत हाच अर्थ स्वीकारून श्रद्धावंत एकाच वेळी नीतिमान व पापी असतो, हा सिद्धान्त मांडला. त्याच्या मते झगडा हे श्रद्धेच्या अभावाचे नव्हे, जिवंतपणाचे चिन्ह आहे. पाप उरते, ते राज्य करीत नाही. जॉन वेस्लीने मात्र १७५५ च्या आपल्या टीपांत ऑगस्टीनच्या पूर्वमताशी जुळणारा अर्थ घेतला. श्रद्धावंत प्रेमात परिपूर्ण होऊ शकतो, असे तो शिकवी. अज्ञान व चुका ह्यांपासून सुटका मात्र त्याला अभिप्रेत नव्हती.

विसाव्या शतकात वादाची भूमीच बदलली. क्यूमेल ह्या जर्मन अभ्यासकाने १९२९ मध्ये हा ‘मी’ आत्मचरित्राचा नसून शैलीचा भाग आहे, असे दाखविण्याचा यत्न केला. क्रिस्टर स्टेंडाल ह्याने १९६३ च्या निबंधात म्हटले की, अंतर्मुख, व्याकूळ सदसद्विवेकबुद्धी ही पौलाची नव्हे. ती पश्चिमेने ऑगस्टीन व ल्यूथर ह्यांच्याद्वारा पौलावर लादली.

दोन्ही परंपरांत धोका आहे. पहिलीत पापाशी तडजोड करण्याचा, दुसरीत आत्मवंचनेचा किंवा नैराश्याचा. तथापि एका मुद्द्यावर ल्यूथर व वेस्ली एकत्र येतात : वाढ हे स्वबळाने मिळविलेल्या विजयांचे गणित नव्हे. तिचे माप कृपेवरील अवलंबन आणि त्यातून निपजणारे प्रेम हे होय. म्हणूनच झगडा चालू असल्यामुळे श्रद्धा खोटी ठरत नाही. आणि केवळ झगडा चालू आहे, एवढ्याने ती खरीही ठरत नाही.