घराचीही पंचवार्षिक योजना हवी!

मैत्रिणींनो, गॅस नेमका केव्हा संपतो, सांगा पाहू? घरात पाहुणे असले की! गेल्या गणपतीत आमच्याकडे तसंच झालं. बारा माणसं जेवायची, बाहेर धो धो पाऊस आणि भात अर्धा शिजला असताना शेगडी विझली. दुसरा सिलिंडरही रिकामाच होता. सासूबाई काही न बोलता पडवीतल्या चुलीपाशी जाऊन बसल्या. लाकडं ओली. स्वयंपाक झाला, पण रात्रभर त्या खोकत होत्या. ज्या धुरातून सुटायला त्यांना निम्मं आयुष्य लागलं, त्यात मीच त्यांना पुन्हा बसवलं!

आमचं गागोदे बुद्रुक हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. त्यांचा जन्म इथला, १८९५ सालचा. शाळेत मुलांना मी स्वावलंबनाचा धडा शिकवते आणि घरात एका सिलिंडरवाचून अडून बसते! त्याच आठवड्यात वही घेतली आणि पाच वर्षांचा बेत मांडला.

पहिलं वर्ष काटकसरीचं. डाळी-कडधान्यं भिजवूनच शिजवायची, एकाच कुकरमध्ये वरण, भात, बटाटे लावायचे, उकळी आली की आच मंद करायची. साठ वॅटच्या बल्बऐवजी नऊ वॅटचा एलईडी लावला. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट खातो. बीएलडीसी जातीचा ३० वॅटचा पंखा नऊ युनिटांत भागवतो.

दुसरं-तिसरं वर्ष गोबरगॅसचं. २५ किलो ताज्या शेणात तेवढंच पाणी कालवलं की साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. लहान कुटुंबाला दोन घनमीटरचं संयंत्र पुरतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. मळी शेताला खत म्हणून जाते. जनावरं नसतील तर? पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

छपरावरची सौरवीज शेवटी, चौथ्या-पाचव्या वर्षी. का? आधी वापर कमी केला तर तीन किलोवॅटच्या जागी एक-दोन किलोवॅटमध्ये भागतं आणि पैसे वाचतात. २०२४ च्या ‘सूर्यघर’ योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीनला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. पण अर्ज करण्याआधी चालू दर विचारून घ्या. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात सौरवीज कमी मिळते. आणि बॅटरी नसेल, तर गावची वीज गेली की ही वीजही थांबते. म्हणूनच एकाच गोष्टीवर विसंबायचं नाही.

आमची पहिली ओळ पुरी झाली. आता गोठ्यामागे खड्डा खणायला घेतलाय. सासूबाईंनी आधीच बजावलंय, “शेण कालवायचं काम माझं हो! चूल फुंकण्यापेक्षा ते केव्हाही बरं.”

मग, तुमची वही केव्हा उघडताय?