देवाचे तूप आणि घरचे तूप

दीपावली उंबरठ्याशी आली की गृहिणीची खरी कसोटी लागते ती तुपाच्या खरेदीत. एके काळी ही निवड सोपी होती. १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट व रवाळ केलेले. दिसावयास तुपासारखे, किमतीने पुष्कळ स्वस्त. शंकरपाळ्यांना त्याच्या मोहनाने खुसखुशीतपणा येई आणि बेताच्या खर्चात फराळाचे डबे भरत. तरीही देव्हाऱ्यात त्यास प्रवेश नव्हता. निरांजनातील तुपवात, पंचामृत आणि नैवेद्याच्या वरणभातावरील धार यांस साजूकच लागे. ग्राहकाने हा भेद रुचीवरून केला नव्हता. पदार्थ कोणासाठी आहे, यावरून केला होता.

साजूक तुपात वनस्पतीची भेसळ होऊ लागली, तेव्हा वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन कायद्याने आले. तिळाच्या अंशामुळे रासायनिक चाचणीत किरमिजी रंग उमटतो आणि लबाडी उघडी पडते.

पुढे वारे फिरले. वनस्पतीतील ‘ट्रान्स फॅट’ हृदयास अपायकारक ठरले. तेले व वनस्पती यांतील त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम २०२२ पासून भारतात लागू झाला. सुजाण ग्राहक स्वतःसाठी पुन्हा साजुकाकडे वळला. परंतु त्याच दुकानात आता ‘पूजेचे तूप’ मिळू लागले आहे आणि अशा पुष्कळ डब्यांवर बारीक अक्षरांत ‘खाण्यासाठी नाही’ असे छापलेले असते. पूर्वी देवाला साजूक आणि माणसांना डबा. आता माणसांना साजूक आणि देवाला डबा!

महागाईची झळ आम्ही जाणतो. कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तीने अर्पिलेल्या पानाफुलावर, फळापाण्यावरही संतोष मानला आहे. त्याला दिव्यांची संख्या मोजावयाची नाही. दहा वातींऐवजी एकच तुपवात लावावी, पण ती खऱ्या तुपाची. तेही न परवडल्यास तिळाच्या तेलाचा दिवा आपल्या परंपरेला मान्यच आहे. पूजेच्या तुपाचा डबा घरात असेलच, तर तो स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. चुकून त्यातील चमचाभर नैवेद्यात पडला, तर प्रसाद म्हणून तो लेकरांच्याच मुखी जावयाचा.

यंदा लक्ष्मीपूजनास बसण्यापूर्वी डब्यावरील अक्षरे एकवार वाचावीत, एवढीच आमची विनंती.