पाणबुडी बुडते कशी, वर येते कशी?

लोखंडाचा एवढासा खिळा बादलीत टाकला तर सरळ तळाला जातो. मग हजारो टन पोलादाची पाणबुडी हवी तेव्हा बुडते आणि हवी तेव्हा वर येते, हे कसे? मुले असा प्रश्न विचारतात तेव्हा 'असतं काहीतरी' म्हणून त्यांना गप्प बसवू नये, असे आम्हाला वाटते. केवळ ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हाच तथागतांचा कालामांना उपदेश होता. तेव्हा आज हे पारखूनच घेऊ.

सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीज या ग्रीक शास्त्रज्ञाने एक नियम मांडला. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलते. खिळ्याने सारलेले पाणी खिळ्यापेक्षा हलके, म्हणून खिळा बुडतो. तेच लोखंड ठोकून वाटी केली तर ती जास्त पाणी सारते आणि तरंगते. वाटीत पाणी भरले की तीही बुडते.

पाणबुडीची युक्ती हीच. तिच्या मजबूत कवचाबाहेर बॅलास्ट टाक्या असतात. ती वर असताना त्यांत हवा असते. बुडायचे झाले की टाक्यांच्या वरच्या झडपा उघडतात. हवा निघून जाते, खालच्या तोंडांतून समुद्राचे पाणी आत शिरते आणि पाणबुडी जड होऊन खाली जाते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'कलवरी' २०१७ साली नौदलात दाखल झाली. पाण्यावर असताना तिचे वजन सुमारे १,६१५ टन, तर पाण्याखाली सुमारे १,७७५ टन भरते. हा १६० टनांचा फरक म्हणजे तिने पोटात घेतलेले पाणी!

वर यायचे तर वरच्या झडपा बंद करतात आणि मोठ्या दाबाखाली साठवलेली हवा टाक्यांत सोडतात. हवा पाण्याला खालून बाहेर रेटते, पाणबुडी हलकी होते आणि वर येते.

हे घरीही करून पाहता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीला एका बाजूस तीन-चार भोके पाडा. त्याच बाजूला वजनासाठी लोखंडी नट बांधा. तोंडात रबरी नळी घट्ट बसवा. नळीचे टोक बोटाने दाबून बाटली भोके खाली करून पाण्यात ठेवा, ती तरंगेल. बोट काढा, बाटली बुडेल. नळीतून फुंका, ती वर येईल. लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे.

परंतु नियम कळला म्हणून काम संपत नाही. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची 'थ्रेशर' पाणबुडी खोल पाण्यातील चाचणीच्या वेळी बुडाली आणि १२९ माणसे गेली. समुद्राच्या पाण्याच्या नळाचा एखादा जोड फुटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. टाक्यांत हवा सोडूनही ती वर आली नाही. दाबातली हवा एकदम पसरली की थंड होते. त्या हवेतील ओलाव्याचे बर्फ होऊन बारीक जाळ्या तुंबतात, हे पुढे तशाच दुसऱ्या पाणबुडीवरील चाचणीत दिसून आले. त्यानंतर अमेरिकेने प्रत्येक जोड तपासण्याचे कडक नियम केले.

म्हणजे खोल समुद्रातल्या माणसांचा जीव आर्किमिडीजच्या नियमावर जितका, तितकाच वेल्डर आणि फिटर यांच्या हातावर अवलंबून असतो. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शल्की' १९९२ साली नौदलात आली, तीही माझगावच्या कामगारांच्या हातून. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी कामगाराच्या तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरला, तो किती मोलाचा होता हे येथे कळते.

आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आपले काम कमी लेखू नये. जोड पक्का असेल तर वर ढकलणारे पाणी कोणाची जात विचारत नाही. आणि जोड कच्चा असेल तर ते कोणाचीही गय करत नाही.