अंकीय संकेतांचे अभिज्ञान : एकेक चिन्ह की चिन्हमाला?

अंकीय यंत्रातील माहिती शून्य आणि एक या दोनच चिन्हांत साठविलेली असते, हे सर्वश्रुत आहे. परंतु तबकडीवरून किंवा तारेवरून ग्राहक मंडलाकडे प्रत्यक्षात जे येते, ते शून्यही नसते आणि एकही नसते. येतो तो केवळ कमीअधिक होत राहणारा विद्युद्दाब. त्यावरून मूळ चिन्ह कोणते होते याचा निर्णय मंडलाला करावा लागतो. या निर्णयास अभिज्ञान म्हणू. ते अधिक अचूक कसे करता येते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. विषय विद्युत्शास्त्राचा असला, तरी त्यातील मूळ प्रश्न भाषाभ्यासकाच्या चांगल्या परिचयाचा आहे.

अभिज्ञानाची सर्वांत सोपी रीत उंबरठ्याची होय. दाब ठराविक मर्यादेच्या वर असला तर एक, खाली असला तर शून्य. ही रीत दोन कारणांनी फसते. पहिले कारण रव, म्हणजे मंडलातील आणि माध्यमातील अनियमित चढउतार. दुसरे कारण असे की, चिन्हे दाटीने लिहिली म्हणजे एका चिन्हाचा स्पंद शेजारच्या चिन्हाच्या हद्दीत पसरतो. रवाला नियम नसतो. शेजाऱ्यांच्या या मिसळीला मात्र नियम असतो. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

मराठीतील अनुस्वाराचे उदाहरण घ्यावे. ‘गंगा’, ‘घंटा’, ‘संत’, ‘अंबा’ या शब्दांत लेखनचिन्ह एकच आहे. परंतु उच्चारात पहिल्या शब्दात जिभेचा मागील भाग वर उचलला जातो, दुसऱ्यात जिभेचे टोक मूर्ध्याकडे वळते, तिसऱ्यात ते दातांस टेकते आणि चौथ्यात ओठ मिटतात. पुढील व्यंजनाची छाया नासिक्यावर आधीच पडलेली असते. ध्वनिमुद्रणातून तेवढाच नासिक्य तुकडा कापून ऐकविला, तर त्याचे स्थान ओळखणे अवघड जाते. लगतच्या ध्वनींसह ऐकविला, तर ते सहज ओळखू येते. शेजाराने ध्वनीला बिघडविले असे म्हणावे, की शेजाराने त्याच्याविषयी साक्ष दिली असे म्हणावे? श्रोता दुसरी भूमिका घेतो. अभियंत्यांना तेथवर पोहोचण्यास काही काळ लागला.

त्यांचा पहिला प्रयत्न मिसळ पुसून टाकण्याचा होता. त्यासाठी समकारी गाळणी वापरतात. माध्यमाने ज्या कंप्रता दुबळ्या केल्या, त्या ही गाळणी पुन्हा वाढविते. अडचण अशी की, त्या कंप्रतांतील रवही त्याबरोबर वाढतो. म्हणून पुढे निराळी वाट धरण्यात आली. मिसळ संपूर्ण न पुसता तिला ठरीव आणि सोप्या आकारात बसवावे, उरलेली राहू द्यावी, व निर्णय करताना तिचा उपयोग करावा. या पद्धतीला आंशिक प्रतिसाद म्हणता येईल. चुंबकीय साठवणीसाठी तिचा विचार कोबायाशी आणि टँग यांनी १९७० मध्ये मांडला.

चुंबकीय तबकडीच्या जुन्या रचनेत, म्हणजे ज्या रचनेत चुंबकन पृष्ठभागाला समांतर असे आणि जिची जागा २००५ पासून लंबवत रचनेने घेतली, वाचनशीर्षाला चुंबकनाची दिशा कळत नसे; कळे तो दिशेतील बदल. शून्यावरून एकाकडे जाताना धन स्पंद, एकावरून शून्याकडे येताना ऋण स्पंद, आणि बदल नसल्यास काहीच नाही. यावरून एक नियम आपोआप निघतो. धन स्पंदानंतरचा पुढचा स्पंद ऋणच असला पाहिजे. लागोपाठ दोन धन स्पंद संभवत नाहीत.

समजा, आधीचे चिन्ह शून्य होते आणि पुढील तीन वाचने ०.९, ०.६ आणि −१.१ अशी आली. ०.५ हा उंबरठा धरून एकेक वाचन तपासले, तर धन, धन, ऋण असा निकाल मिळतो. आणि तो नियमबाह्य आहे. आता नियमात बसणाऱ्या मालाच तेवढ्या घेऊ, आणि प्रत्येकीचे वाचनांपासूनचे अंतर फरकांच्या वर्गांच्या बेरजेने मोजू. ‘धन, रिक्त, ऋण’ या मालेचे अंतर ०.०१ + ०.३६ + ०.०१ = ०.३८ येते. ‘रिक्त, धन, ऋण’ हिचे ०.८१ + ०.१६ + ०.०१ = ०.९८ येते. उरलेल्या सहा मालांची अंतरे याहून मोठी आहेत. म्हणून मूळ चिन्हे एक, एक, शून्य अशी ठरतात. मधले ०.६ हे वाचन एकटे पाहता धन स्पंदाला जवळचे होते. मालेत पाहता ते रिक्त ठरले.

तीन चिन्हांच्या आठच माला होतात; परंतु हजार चिन्हांच्या मालांची संख्या दोनाचा हजारावा घात होईल. त्या सर्व तपासणे अशक्य. अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये निराळ्या संदर्भात मांडलेली रीत येथे उपयोगी पडते. कोणत्याही क्षणी ज्या माला एकाच अवस्थेला येऊन मिळतात, त्यांचे पुढील भवितव्य समान असते. म्हणून त्यांतील सर्वांत कमी अंतराची तेवढी ठेवावी आणि बाकीच्या सोडून द्याव्यात. आपल्या उदाहरणात अवस्था दोनच असल्याने प्रत्येक पायरीवर दोनच माला जवळ बाळगाव्या लागतात. फॉर्नी यांनी १९७२ मध्ये चिन्हांच्या मिसळीवर ही रीत सर्वसामान्यपणे कशी लावावी हे दाखविले. १९९० मध्ये आय.बी.एम.ने आंशिक प्रतिसाद आणि मालानिर्णय यांचा मेळ असलेली तबकडी बाजारात आणली. मिसळ जितकी लांबवर पसरते तितक्या अवस्था वाढतात, एका चिन्हाने दुप्पट. हे या रीतीचे मोल होय.

या रीतीत एक धोकाही आहे. उंबरठ्याच्या रीतीने ‘धन, धन, ऋण’ असा निकाल दिला, तेव्हा नियमभंगामुळेच तिची चूक उघडी पडली. मालानिर्णयाची चूक अशी उघडी पडत नाही, कारण त्याचा निकाल नेहमी नियमात बसणाराच असतो. त्याची चूक सुबक असते. म्हणून त्याच्या मागे स्वतंत्र पडताळा देणारी दोषनिवारक संकेतप्रणाली ठेवतात. शिवाय केवळ निकाल न देता प्रत्येक चिन्हाविषयी किती खात्री आहे, हेही सांगावे असा आग्रह धरला जातो. ही खात्री मोजण्याची एक मूलभूत रीत बहल, कॉक, जेलिनेक आणि रविव यांनी १९७४ मध्ये दिली.

या चौघांपैकी बहल आणि जेलिनेक यांनी पुढे आय.बी.एम.मध्ये यांत्रिक वाक्-अभिज्ञानावर काम केले, हा निव्वळ योगायोग नव्हे. व्हिटर्बींची रीत तेथेही वापरली गेली. चिन्हांच्या जागी स्वन आणि चुंबकनाच्या नियमाच्या जागी भाषेचे प्रतिमान, एवढाच काय तो फरक. म्हणून धोकाही तोच राहतो. प्रमाण मराठीच्या प्रतिमानावर घडविलेल्या यंत्राला वऱ्हाडी किंवा मालवणी संभाषण ऐकविले, तर ते अडखळेलच असे नाही. प्रमाण मराठीत शोभेल असे वाक्य ते सफाईने लिहून देऊ शकेल. ज्या बोलीरूपासाठी आपण ते ध्वनिमुद्रण केले, नेमके तेच त्यात नाहीसे झालेले असेल. क्षेत्रीय सामग्रीचे लिप्यंतर यंत्राकडे सोपविणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच निकालाबरोबर खात्रीचे मापही मागावे, आणि जेथे ते कमी असेल तेथे मूळ ध्वनिमुद्रण स्वतःच्या कानांनी पुन्हा ऐकावे.