बारा जणांचा बेक्ड पास्ता: उकळू नका, भिजवा

दिवाळीची पहिली सकाळ, डोंबिवलीचा फडके रोड. ठाण्या-कल्याणहून आलेली गँग तिथून थेट तुमच्या घरी येणार, आणि फराळासोबत काहीतरी गरम हवंय. घर वन बीएचके, शेगड्या दोन. बारा जणांचा पास्ता उकळणार कशात? मागच्या वर्षी माझा तर लगदा झाला. वर गप्पा हॉलमध्ये, मी किचनमध्ये!

उपाय आपल्या साबुदाण्याचाच: भिजवा. मॅकरोनी गार पाण्यात दीड तास ठेवली की ती पाणी पिते, पण चिकट होत नाही. कारण तिच्यातला स्टार्च उष्णता मिळाल्यावरच फुलतो. ते काम ओव्हन करतो.

प्रमाण लिहून घ्या: मॅकरोनी 1 किलो, दूध 2 लिटर, बटर आणि मैदा 100-100 ग्रॅम. व्हाइट सॉस आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी निघताना मॅकरोनी भिजत घाला. परत आलात की पाणी निथळा, सॉसला उकळी आणा. तो कढीसारखा पातळ हवा. घट्ट वाटला तर दूध घाला. मीठ, मिरी, परतलेल्या भाज्या मिसळा.

ट्रेला फॉइल लावून 180 अंशांवर 30 मिनिटं. एक मॅकरोनी चाखून बघा, शिजली असेल तर चीज पसरून, फॉइल काढून आणखी 10 मिनिटं.

ओटीजी छोटा आहे? दोन ट्रे करा. दुसऱ्याची मॅकरोनी आणि सॉस आत ठेवेपर्यंत वेगळेच राहू द्या. पहिला ट्रे आला की तुम्हीही हॉलमध्ये येऊन बसा!