'पारा उडाला' म्हणून आरसा मोडीत देऊ नका

चौकटीवर खाचा पाडलेले खांब, फुलमाळा, माथ्यावर कलश दिसला, तर आरसा नवअभिजात वळणाचा. इटलीत १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरांत उत्खनन सुरू झालं आणि ही ग्रीक-रोमन नक्षी युरोपभर गेली.

जुन्या आरशांच्या काचेमागे कथील आणि खरोखरचा पारा असे. चांदीच्या लेपाची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवली. पाऱ्याच्या आरशात चेहरा किंचित करडा, मऊ दिसतो. खालच्या काठाशी बारीक ठिपके धरतात. ते राहू द्या. नवी काच बसवली की आरशाचं वयच जातं. मागची बाजू मात्र खरवडू नका, पारा विषारी आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वाड्यांतल्या दगड-चुन्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. म्हणून चौकट आणि भिंत यांत बोटभर फट ठेवा. चौकातल्या उजेडासमोर, पण थेट उन्हात नाही, असा आरसा लावला की अंधारं माजघरही उजळतं. पुसायचा तो कोरड्या सुती फडक्यानंच.

आणि हो, असा आरसा किंवा शंभर वर्षांहून जुनी कुठलीही कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.